रेशमावरचे धुके

जन्मभर इतरांनी लिहिलेले वाचण्यात समाधान मानणाऱ्या बाईने सत्तरीच्या उंबरठ्यावर एकाएकी लिहायला बसावे, हे माझे मलाच अगोचरपणाचे वाटते. त्यातून विषय प्राचीन चिनी निसर्गचित्रांचा. त्या देशात मी कधी गेलेली नाही, तिथली लिपी मला वाचता येत नाही आणि हातात कुंचला तर शाळा सुटल्यापासून धरलेला नाही. माझे शिक्षण रसायनशास्त्राचे. जाणकारांना यात नवे काही सापडणार नाही. त्यांनी मोठ्या मनाने हा मजकूर ओलांडून पुढे जावे. तरीही लिहिते आहे, कारण जे घडले ते घरात बोलून दाखवण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही, आणि कागदासमोर मला माणसांपेक्षा कमी भीती वाटते.

आम्ही दोघे परदेशात, श्रूजबरी नावाच्या गावी राहतो. नागपूरच्या एका महाविद्यालयात काही वर्षे शिकवून मी यांच्या पाठोपाठ इकडे आले, औषधांच्या एका प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत काम केले, आणि निवृत्तीनंतर रिकाम्या दुपारी भरून काढण्यासाठी गावच्या वाचनालयात होणाऱ्या चित्रकलेच्या व्याख्यानांना जाऊ लागले. शेवटच्या रांगेत बसत असे. दोन हिवाळे मी तिथे गेले आणि एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न नव्हते असे नाही. तोंड उघडले की सगळे वळून बघतील, याची भीती वाटे.

त्या व्याख्यानांतून एक गोष्ट मनात रुतून बसली. जुने चिनी चित्रकार धुके रंगवत नसत. डोंगराचा माथा रंगवायचा, पायथा रंगवायचा आणि मधले रेशीम तसेच कोरे सोडून द्यायचे. पाहणाऱ्याचे मन तिथे धुके भरते. काहीच नसलेल्या जागेवर एवढा विश्वास टाकणारी माणसे मला फार मोठी वाटली. प्रयोगशाळेत कोऱ्या जागेचा अर्थ एकच असे: नोंद राहून गेली.

शहरातल्या संग्रहालयात असे एक चित्र होते. आमच्या घरापासून गाडीने तासाभराचे अंतर. चित्र हजारएक वर्षांपूर्वीचे, चित्रकार अज्ञात. वरून खाली लटकणारा, पुरुषभर उंचीचा रेशमी पट, काळाने कोऱ्या चहासारखा तपकिरी झालेला. मधोमध एकच पर्वत, इतका प्रचंड की पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा मी नकळत एक पाऊल मागे सरकले होते. त्याच्या कड्यावरून दोऱ्यासारखा एक धबधबा. खाली धुके. धुक्यातून वर आलेले एका विहाराचे छप्पर. मी आंबेडकरी बौद्ध कुटुंबातली; आमच्या वस्तीतला विहार पत्र्याचा होता, आणि त्याचे या छपराशी काहीही साम्य नव्हते, तरी परक्या मुलखात आपल्या गावचा माणूस दिसावा तसे मला झाले. विहाराच्या खाली, ओढ्यावर लाकडी पूल, आणि पुलावर एक माणूस. खांद्यावर काठी, काठीला गाठोडे. तिळाएवढा.

या माणसासाठी मी पुन्हा पुन्हा जाऊ लागले. नुसत्या डोळ्यांनी तो धड दिसत नसे. रेशमाला उजेड सोसत नाही म्हणून त्या दालनात दिवे मंद ठेवतात, आणि चित्र काचेच्या आत, हात पोचणार नाही इतके आत. म्हणून यांनी मला एक छोटी, एका डोळ्याची दुर्बीण आणून दिली होती. बोटाएवढी. ती उजव्या डोळ्याला लावायची, डावा मिटायचा, आणि मग पायथ्यापासून हळूहळू वर चढत जायचे, ही माझी रीत ठरून गेली. पुलाशी पोचले की थांबायचे. तो माणूस पाठमोरा विहाराकडे निघालेला दिसायचा. मला बरे वाटायचे.

हे स्वतः स्थापत्य अभियंता. चित्रांत त्यांना रस नाही. ते मला सोडून संग्रहालयाच्या उपाहारगृहात कॉफी घेऊन बसत आणि परतताना गाडीत विचारत, "भेटला का तुझा पाहुणा? अजून पुलावरच? इतकी वर्षं लोड घेतलाय म्हणजे पूल चांगला दिसतोय."

गेल्या वर्षी पानगळीच्या सुमारास मी गेले, तेव्हा धुके वाढलेले होते.

हे वाक्य वाचायला विचित्र वाटेल, पण मला ते अगदी असेच दिसले. दुर्बीण लावून मी पायथ्यापासून चढू लागले. खडक होते, झुडपे होती, ओढा होता. आणि पुलाच्या मधोमध, जिथे माणूस असायला हवा, तिथे रेशमाच्या रंगाचा एक फिकट डाग होता. पुलाची टोके दोन्ही बाजूंनी त्यात शिरत होती आणि विरघळत होती. मी दुर्बीण पुसली. पुन्हा पाहिले. उजेडाचा दोष असेल असे समजून बाजूला सरकले. डागही सरकल्यासारखा वाटला, पण मंद दिव्यांत असे भास होतातच.

माझ्या मनात आले ते रसायनशास्त्राच्या जुन्या विद्यार्थिनीच्या मनात येईल तेच. रेशमावरची शाई धरून ठेवणारा सरस कालांतराने सुटतो. हवेत ओल वाढली असेल, शाई झडत असेल, आणि झडलेल्या जागी कोरे रेशीम उघडे पडत असेल. अशा चित्रात कोरे रेशीम म्हणजे धुकेच. मग कोणाच्या लक्षात येणार? हजार वर्षे टिकलेले चित्र डोळ्यांदेखत नाहीसे होत होते आणि ते फक्त मला माहीत होते.

गाडीत यांना सांगितले. ते म्हणाले, "चष्मा पुसलास का?" मी म्हटले, दुर्बीण लावताना मी चष्मा काढते. "मग रिपोर्ट कर ना सरळ. तिथे काउंटर असतो." ते इतक्या सहजपणे म्हणाले की मला त्यांचा हेवा वाटला. संग्रहालयातल्या लोकांना त्यांच्याच चित्राविषयी मी काय सांगणार? मोडक्या उच्चारांची एक म्हातारी येऊन म्हणते, तुमचे चित्र झडते आहे.

रविवारी सकाळी आमच्या भागातली महाराष्ट्रातली बौद्ध कुटुंबे आळीपाळीने कोणाच्या तरी घरी, बहुधा तळघरातल्या मोठ्या खोलीत, वंदनेसाठी जमतात. वंदना झाल्यावर चहा पिताना, कोणीतरी आग्रह केला म्हणून, मी हा प्रकार भीत भीत सांगितला. नागपूरहून संशोधनासाठी आलेला एक विद्यार्थी बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. तो म्हणाला, "काकू, म्हणजे चित्रातही फ्लाइट डिले आहे काय? व्हिजिबिलिटी लो?" सगळे हसले, मीही हसले. हसता हसता डावा डोळा पुसत असताना समोरच्या भिंतीवर लावलेल्या पंचरंगी ध्वजाचे पट्टे मला क्षणभर पाण्यात बुडाल्यासारखे वाकडे दिसले. ध्वज नीट ताणलेला नसावा, असे मी ठरवून टाकले.

पुढच्या वेळी धुके आणखी पसरले होते. आता विहाराचे छप्परही अर्धे गेले होते. त्या दिवशी मी भीतीपोटीच धीट झाले. दालनातल्या पहारेकऱ्याजवळ गेले आणि वाक्य मनात तीनदा जुळवून म्हटले की, या चित्राची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला भेटता येईल का.

ज्या बाई आल्या त्या या चिनी चित्रांच्या दालनाच्या अभिरक्षक, म्हणजे क्युरेटर, होत्या. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असाव्यात. माझे म्हणणे हसण्यावारी नेले जाईल, या तयारीने गेले होते. त्यांनी तसे केले नाही. उलट माझे बोलणे ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या आत जाऊन एक लहान दिवा घेऊन आल्या, काचेपाशी वाकल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग मला जवळ बोलावून त्यांनी नेमकी जागा दाखवायला सांगितली. मी दाखवली. त्यांनी माझी दुर्बीण मागून घेतली, लावली, आणि त्यांचे खांदे सैल झाले. माणूस जिथल्या तिथे आहे, त्या म्हणाल्या. गाठोड्याची गाठसुद्धा दिसते आहे.

मी ओशाळून क्षमा मागू लागले. त्यांचा वेळ घेतला, उगाच घाबरवले. दुर्बीण त्यांनी लगेच परत दिली नाही. हातात फिरवत राहिल्या. मग अगदी हलक्या आवाजात इंग्रजीत विचारले, "तुम्ही कोणत्या डोळ्याने पाहता?"

मी म्हटले, उजव्या. नेहमीच.

"एकदा डाव्याने पाहा."

मी डाव्या डोळ्याला दुर्बीण लावली. पूल अखंड होता. छप्पर अखंड होते. माणूस पुलाच्या मधोमध, खांद्यावर काठी घेऊन चालला होता.

त्याला पुन्हा पाहून मला आनंद व्हायला हवा होता. चित्राला काही झाले नव्हते. पण मी दुर्बीण खाली घेतली आणि त्या बाईंनी मला कोपराला धरून बाकावर बसवले. त्यांच्या आईचे असेच झाले होते, त्या म्हणाल्या. डॉक्टरांना आजच फोन करा, उद्यावर टाकू नका.

खाली येऊन मी यांना काहीच सांगितले नाही. गाडीत बसले, पट्टा लावला, आणि हे आरशात बघून गाडी मागे घेत असताना मी केस सावरण्याचे निमित्त करून डावा डोळा तळव्याने झाकला आणि त्यांच्याकडे वळून पाहिले. कान होते. केस होते. शर्टाची कॉलर होती. मधे, जिथे गेली चव्वेचाळीस वर्षे मी तो चेहरा पाहत आले, तिथे धुके होते.

मी हात खाली घेतला. चेहरा परत आला. ते म्हणाले, "काय गं, काय झालं?" मी म्हटले, डॉक्टरांना फोन करायचा आहे.

नेत्रतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जाता आले. त्यांनी सांगितलेले मला जसे समजले तसे लिहिते. डोळ्याच्या मागे जो पडदा असतो त्याचा मध्यभाग, ज्याने आपण अक्षरे वाचतो आणि माणसे ओळखतो, तिथे उजव्या डोळ्यात नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाझरत होत्या. दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा उजव्याची उणीव झाकून टाकतो, म्हणून घरात पत्ता लागत नाही. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या की बहुतेकांना शंका येते: दाराची चौकट, खिडकीच्या पट्ट्या. मला भिंतीवरचा तो ध्वज आठवला. पण एकच डोळा उघडा ठेवून मी जे पाहत असे त्यात सरळ रेषा नव्हत्याच. डोंगर होते, झाडे होती आणि धुके होते. डॉक्टर तरुण होते, सौम्य होते. माझी हकीकत ऐकून म्हणाले की, असा रुग्ण त्यांना यापूर्वी भेटला नव्हता. मला त्या वेगळेपणाचे कौतुक वाटले नाही.

उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. दर काही आठवड्यांनी. जे गेले ते परत येईलच असे नाही, उरलेले टिकवायचे. थेंब टाकून डोळा बधिर करतात, पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा चिमटा लावतात, आणि म्हणतात, वर बघा. दुखत नाही, दुखत नाही हे सगळ्यांनी मला इतक्या वेळा सांगितले होते. भीती दुखण्याची नव्हतीच. सुई ज्या दिशेने येते त्याच दिशेला डोळा उघडा ठेवून निमूट पडून राहायचे, याची होती. पहिल्या वेळी मी मनात पंचशील म्हणत होते. तिसऱ्या शीलापाशी पुढचे शब्दच आठवेनात, आणि सुई टोचल्याचे कळले तेव्हा मी तिथेच अडकलेली होते.

डावा डोळा अजून बरा आहे, पण त्यातही सुरुवातीच्या खुणा आहेत, असे ते म्हणाले. त्यांनी एक कागद दिला. त्यावर आडव्या-उभ्या रेषांच्या चौकटी आणि मध्ये एक ठिपका. रोज सकाळी एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे. डाव्या डोळ्याला रेषा वाकड्या दिसल्या, किंवा नेहमीचे काही नेहमीसारखे दिसले नाही, तर त्याच दिवशी कळवायचे. तो कागद मी फ्रिजवर लावला आहे. हे चहा ठेवतात आणि माझ्याकडे न बघता विचारतात, "सरळ?" मी म्हणते, सरळ. एवढे बोलून आमचा दिवस सुरू होतो.

हिवाळा संपता संपता त्या अभिरक्षक बाईंनी फोन केला. चित्र खाली उतरवायची वेळ झाली होती. रेशमावरची चित्रे काही महिनेच उजेडात ठेवतात. मग गुंडाळून, पेटीत घालून काही वर्षे अंधारात विसावा देतात, नाही तर उजेड त्यांना खाऊन टाकतो. हे मला व्याख्यानांतून ठाऊक होते, आणि याच चित्राची मुदत एकदा खास वाढवली होती हेही. मी धीर करून विचारले की, पुन्हा केव्हा बाहेर काढणार. त्यांनी निश्चित सांगितले नाही. चार-पाच वर्षे तरी, त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढे म्हणाल्या, तेव्हा तुम्ही नक्की या. त्या काय बोलल्या हे आम्हा दोघींनाही कळले, आणि आम्ही दोघीही हवामानाविषयी बोलू लागलो.

चित्र उतरवण्याच्या आदल्या दिवशी मी यांना म्हटले की, आज कॉफी नको, वर चला. ते मुकाट्याने आले. काचेपुढे उभे राहून त्यांनी तो पर्वत पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाहिला आणि त्यांच्या तोंडून एक बारीकसा उद्गार निघाला. थट्टा काही सुचली नसावी. मी आधी उजव्या डोळ्याला दुर्बीण लावली. पाच इंजेक्शनांनंतर काय उरले आहे ते मला तिथेच पाहायचे होते, डॉक्टरांच्या खोलीतल्या अक्षरांवर नाही. धुके वाढलेले नव्हते. कमीही झालेले नव्हते. पूल दोन्ही बाजूंनी त्यात शिरत होता.

मग मी दुर्बीण यांच्या हातात दिली आणि पाहुणा दाखवला. ते बराच वेळ शोधत राहिले. "सापडला," ते म्हणाले. "दमलेला दिसतो. केव्हाचा चाललाय, आता घरी पोचेल."

मी म्हटले, घरी नाही, तो विहाराकडे निघाला आहे. वर.

"छे. खाली येतोय की. समोरून. तोंड आहे ना आपल्याकडे."

मी म्हटले, पाठ आहे.

"अगं, पाठ कुठे दिसते आहे? बघ तरी नीट."

मी दुर्बीण घेतली आणि डाव्या डोळ्याला लावली. माणूस होता. काठी होती, गाठोडे होते. इतके महिने मी जी पाठ पाहत आले ती पाठ आहे की छाती, हे मला ठरवता येईना. शाईचे चार फटकारे होते. ते पाठ होऊ शकत होते, तोंडही होऊ शकत होते. मी डोळा मिटून पुन्हा उघडला. एकदा वाटले, चित्रकाराने तो असाच ठेवला आहे, जाणारा की येणारा ते न सांगता, आणि मीच आजवर एक अर्थ धरून बसले होते. दुसऱ्याच क्षणी वाटले, असे नाही. पाठ मला स्वच्छ दिसत होती, आणि आता दिसत नाही.

हे वाट पाहत होते. मी म्हटले, हो, येतो आहे खरा.

आता ते चित्र अंधारात आहे. संगणकावर त्याचे छायाचित्र मिळते, पण मोठे करू जावे तसा माणूस ठिपक्यांत फुटतो. अभिरक्षक बाईंना विचारणे सोपे आहे. त्या एका वाक्यात सांगतील. मी विचारलेले नाही. विचारले तर उत्तर मिळेल, आणि ते माणसाविषयी नसेल, माझ्या डाव्या डोळ्याविषयी असेल. फ्रिजवरच्या रेषा आज सकाळीही सरळ होत्या. निदान मी यांना तसे सांगितले, आणि मला वाटते ते खरे होते. मात्र त्या रेषांकडे मी हल्ली आधीपेक्षा जास्त वेळ पाहत राहते, आणि जास्त वेळ पाहिले की कोणतीही रेष जराशी हलतेच.

नेहमीचे काही नेहमीसारखे दिसले नाही तर त्याच दिवशी कळवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तो दिवस उलटून गेला. पुढची तपासणी गुरुवारी आहे. रेशमावरच्या तिळाएवढ्या माणसाची पाठ मला ओळखता आली नाही, एवढे एकच कारण घेऊन आज त्यांना फोन करावा का? माझ्या जागी तुम्ही असता, तर केला असता का?